रीजन्सी नृत्यसंध्या आणि पेशवाई दरबार : एका संध्याकाळची तयारी

पनवेलहून बोरघाटाकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर चौक हे गाव लागते. खालापूर तालुक्यातील मोहोपाड्यापासून ते जवळच आहे. १८०९ च्या अखेरीस मारिया ग्रॅहॅम ही इंग्रज लेखिका याच वाटेने मुंबईहून पुण्याकडे गेली. वाटेत खोपोलीला नाना फडणवीसांनी बांधविलेले महादेवाचे देऊळ आणि तलाव होता, पुढे घाट आणि घाटापलीकडे पेशव्यांचा मुलूख. तिचे प्रवासवर्णन १८१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास तिकडे लंडनमध्ये ज्या काळाला पुढे 'रीजन्सी' हे नाव पडले, तो सुरू झाला होता.

या काळाची वेषभूषा करून भरविलेल्या नृत्यसंध्यांची आवड गेल्या काही वर्षांत जगभर पसरली आहे. इंग्लंडमधील बाथ शहरात जेन ऑस्टेन या कादंबरीकर्तीच्या नावाने २००१ पासून महोत्सव भरतो आणि त्यात शेकडो लोक दोनशे वर्षांपूर्वीच्या पोशाखात रस्त्यावरून चालतात. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या 'ब्रिजर्टन' या मालिकेने ही आवड घरोघरी नेली. मार्च २०२२ मधील तिच्या दुसऱ्या पर्वातील नायिका तर मुंबईहून लंडनला आलेली दाखविली आहे. मुंबई आणि पुणे यांच्या मधोमध असलेल्या मोहोपाड्यासारख्या गावी, हिवाळ्यातील एखाद्या शनिवारी अशी संध्याकाळ भरवायची झाली तर काय काय करावे लागेल, याची ही माहिती.

रीजन्सी म्हणजे कोणता काळ?

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज मानसिक आजाराने राज्यकारभारास असमर्थ ठरला, तेव्हा फेब्रुवारी १८११ मध्ये त्याच्या थोरल्या मुलाला राजप्रतिनिधी, म्हणजेच 'रीजंट' नेमण्यात आले. जानेवारी १८२० मध्ये राजा निवर्तला आणि हा कालखंड संपला. काटेकोरपणे पाहता रीजन्सी ही एवढी नऊ वर्षांची आहे. वेषभूषा आणि शिष्टाचार यांच्या दृष्टीने मात्र १७९५ ते १८२० असा थोडा सैल काळ धरण्याची पद्धत आहे. जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्या १८११ ते १८१७ या वर्षांत प्रसिद्ध झाल्या.

हीच नऊ वर्षे महाराष्ट्राच्या इतिहासात निराळ्या कारणाने लक्षात राहिली आहेत. १८११ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन कंपनी सरकारचा रेसिडेंट म्हणून पुण्यात दाखल झाला. १८१५ मध्ये पंढरपूरला गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. जून १८१७ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला पुण्याच्या तहावर सही करावी लागली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि संगमावरची रेसिडेन्सी जळाली. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. जून १८१८ मध्ये बाजीराव शरण आला आणि वर्षाला आठ लाखांची नेमणूक घेऊन ब्रह्मावर्तास गेला. लंडनमध्ये ज्या वर्षांत मेणबत्त्यांच्या झुंबरांखाली नृत्ये चालली होती, त्याच वर्षांत इकडचे राज्य गेले. आपल्या भागात अशी संध्याकाळ भरविणाऱ्याने ही गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. पुढचे बहुतेक निर्णय तिच्यावरच अवलंबून असतात.

पहिला निर्णय : कोणते वर्ष, कोणते घर?

'जुना काळ' एवढेच निमंत्रणात छापले तर एक पाहुणा शिवकालीन मावळ्याच्या वेषात, दुसरा थोरल्या बाजीरावाच्या आणि तिसरा व्हिक्टोरिया राणीच्या काळातील घेरदार झग्यात येतो. शिवराज्याभिषेक १६७४ मधला, थोरले बाजीराव निवर्तले १७४० मध्ये आणि व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ मध्ये. या तिन्हींचा रीजन्सीशी संबंध नाही. म्हणून निमंत्रणात वर्ष लिहावे. १८११ किंवा १८१२ हे वर्ष सोयीचे पडते. तेव्हा पेशवाई उभी होती, रेसिडेन्सी उभी होती आणि दोन्हींकडे एकमेकांचे जाणे-येणे होते.

त्यानंतर प्रश्न घराचा. ही संध्याकाळ मुंबईच्या गव्हर्नरच्या घरची आहे की पुण्याच्या दरबाराची? त्या काळी गव्हर्नर परळच्या बंगल्यात राहत असे. पुढे १८९९ पासून तेथे हाफकिन संस्था आली. तिथल्या समारंभात स्त्री-पुरुष जोडीने नाचत. पुण्याच्या दरबारात कुलीन घरच्या स्त्रिया पुरुषांच्या बैठकीत येत नसत, मग जोडीने नाचणे दूरच. ऑक्टोबर १८०४ मध्ये लॉर्ड व्हॅलेन्शिया या इंग्रज प्रवाशाला बाजीरावाने पर्वतीजवळील हिराबागेत मेजवानी दिली, तेव्हा पाहुण्यांसाठी नाच-गाणे झाले आणि जमिनीवरच्या पांढऱ्या बैठकीवर पाने वाढली गेली. अशा प्रसंगी पाहुणे नाच पाहत, स्वतः नाचत नसत.

दोन्ही एकत्र करायचे असतील तर संध्याकाळचे दोन भाग पाडावेत. पहिला भाग दरबाराचा, म्हणजे बैठक, गायन आणि पान. दुसरा भाग परळच्या नृत्यगृहाचा. सरमिसळ केली की दोन्हींची मजा जाते.

तारीख आणि जागा

जून ते सप्टेंबर हे महिने खालापूर तालुक्यात धुवाधार पावसाचे. तेव्हा मलमलीचा झगा आणि चिखल यांची गाठ न घालणे बरे. एप्रिल-मे महिन्यांत उकाड्याने लोकरी कोट अंगावर ठरत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये खेड्यांतील नृत्यसमारंभ शक्यतो पौर्णिमेच्या सुमारास ठेवीत. रात्री घोडागाड्यांना चांदणे मिळावे हा साधा हेतू होता. इकडेही त्रिपुरी किंवा मार्गशीर्ष पौर्णिमेजवळचा शनिवार निवडला तर अंगणातील कार्यक्रमाला चांदण्याची साथ मिळते.

मोहोपाडा, वासांबे आणि रसायनी हा परिसर एकमेकांत मिसळलेला आहे. निमंत्रणावर पत्ता नीट लिहावा. रेल्वेने येणाऱ्यांसाठी पनवेल-रोहा मार्गावरचे रसायनी स्थानक आहे. पनवेल-कर्जत मार्गावरचे मोहोपे हे निराळे स्थानक असून नावाच्या सारखेपणाने गोंधळ होऊ शकतो. मोटारीने येणाऱ्यांना जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरील दांड फाट्यावरून आत वळावे लागते.

जागा निवडताना आधी जमीन पाहावी. नृत्याला सपाट, न घसरणारी आणि मोकळी जमीन लागते. मंगल कार्यालयाच्या गुळगुळीत फरशीवर पातळ तळव्यांची पादत्राणे सटकतात. आठ जोड्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहून चारही बाजूंनी जायला वाट उरेल, एवढी जागा किमान हवी. वेष बदलण्यासाठी स्त्री-पुरुषांच्या दोन खोल्या आणि त्यांत मोठे आरसे असावेत. नऊवारी नेसविणाऱ्या जाणत्या बाईला प्रत्येकीमागे वेळ लागतो, हे धरूनच पाहुण्यांना बोलवावे.

इंग्रजी पोशाख

रीजन्सीकालीन स्त्रीच्या झग्याची ओळख म्हणजे त्याची उंच कंबर. कमरेची रेघ छातीच्या लगेच खाली येते आणि तिथून कापड सरळ पावलांपर्यंत उतरते. संध्याकाळच्या झग्याला आखूड फुगीर बाह्या, कोपराच्या वर जाणारे हातमोजे, हातात पंखा आणि छोटा बटवा. रंग बहुधा पांढरा किंवा फिकट. आजच्या बाजारातील चांगली मलमल यासाठी पुरते. झगा बेतणाऱ्या शिंप्याला 'फ्रॉक' असे सांगू नये. तो कमरेला चुण्या घालून मोकळा होतो. चित्र दाखवावे.

पुरुषांना पुढून आखूड आणि मागे शेपट्या असलेला गडद कोट, फिकट जाकीट, गळ्याभोवती गुंडाळलेला पांढरा रुमाल आणि औपचारिक नृत्याला गुडघ्यापर्यंतची तुमान व मोजे. लष्करी लाल कोट भाड्याने सहज मिळतो, पण तो बहुधा बँडवाल्याचा असतो. त्यापेक्षा साधा काळा कोट बरा.

एक सूचना दोनशे वर्षे जुनी आहे. मुंबईतील इंग्रज स्त्रिया प्रसंगाच्या मानाने फार नटतात, अशी टीका मारिया ग्रॅहॅमने केली होती.

मराठी पोशाख

येथे चित्रपटांपेक्षा चित्रांवर भिस्त ठेवावी. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९० नंतरच्या वर्षांत पुण्यात होता. त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना समोर बसवून चित्रे काढली. १७९५ मध्ये तो वारला. १७९० च्या तहासाठी भरलेल्या पेशवे दरबाराचे मोठे चित्र थॉमस डॅनियलने वेल्सच्या रेखाटनांच्या आधारे १८०५ मध्ये रंगविले. अंगरखा किती पायघोळ, पगडी केवढी, शेला कसा, हे या चित्रांत दिसते. दागिने, अडकित्ते, पानदाने आणि दिवे प्रत्यक्ष पाहायचे तर पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक दुपार घालवावी.

पुरुषांसाठी पांढरा बारीक मलमलीचा अंगरखा, धोतर, उपरणे किंवा शेला, कानात भिकबाळी आणि पायांत लाल जोडे. पगडी निवडताना सावध असावे. आज 'पुणेरी पगडी' म्हणून जी ओळखली जाते आणि जिला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, ती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यामुळे रूढ झाली असे मानले जाते. म्हणजे ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. १८११ च्या बैठकीत ती शोभत नाही.

स्त्रियांसाठी नऊवारी लुगडे, पुढे गाठ मारायची खणाची चोळी आणि खांद्यावरून शेला. पैठणी असेल तर उत्तमच. दागिन्यांत नथ, तन्मणी, चिंचपेटी, वज्रटीक, कुडी, बुगडी, पाटल्या, गोठ, तोडे. हे सगळे एकदम घालू नयेत. नऊवारी सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते आणि ती पिनांशिवाय नेसता येते, ही गोष्ट नव्या पिढीला खरी वाटत नाही. निदान दोनदा नेसून चालण्याचा, बसण्याचा आणि जिना उतरण्याचा सराव करावा.

काय टाळावे?

सेफ्टी पिनेचे पेटंट १८४९ मधले. शिवणयंत्र घरोघरी आले ते १८५० नंतर. साखळीची चेन विसाव्या शतकातली. मनगटी घड्याळ नको, पुरुषांनी हवे तर खिशातले घड्याळ बाळगावे.

रंगांच्या बाबतीत तर रसायनीच्या परिसराला थोडे वेगळे महत्त्व आहे. विल्यम पर्किन या इंग्रज तरुणाने १८५६ मध्ये ॲनिलीनपासून पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार केला आणि कापडाचे जग बदलले. हेच ॲनिलीन पुढे रसायनीच्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कारखान्यात तयार होत असे. तो कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१७ मध्ये घेतला. १८११ साली मात्र नीळ, मंजिष्ठ, हळद आणि कुसुंबा हेच रंगाऱ्याचे भांडवल होते. भडक राणी रंग किंवा चमकता पोपटी त्यात बसत नाही.

दिव्यांसाठी खऱ्या मेणबत्त्या वापरण्याचा मोह होतो. पातळ मलमल क्षणात पेट घेते आणि त्या काळी अशा दुर्घटना खरोखर घडत. मेणबत्त्या उंच झुंबरात किंवा काचेच्या हंडीत ठेवाव्यात, नाहीतर विजेवरच्या नकली मेणबत्त्या लावाव्यात. याबाबतीत अचूकतेचा आग्रह नको.

नृत्य आणि गायन

रीजन्सीकाळातील मुख्य नृत्य म्हणजे 'कंट्री डान्स'. पुरुषांची एक रांग, समोर स्त्रियांची दुसरी. वरची जोडी ठरावीक पावले टाकीत एकेक स्थान खाली सरकते आणि सर्वांना वर येण्याची पाळी मिळते. गरबा किंवा टिपरी खेळलेल्यांना हे लवकर उमगते. चार जोड्यांचे 'क्वाड्रिल' १८१५ च्या सुमारास लंडनमध्ये रूढ झाले. 'वॉल्ट्झ'मध्ये जोडीदार एकमेकांना धरून फिरतात. जुलै १८१६ मध्ये राजपुत्राच्या समारंभात ते झाले, तेव्हा 'द टाइम्स' या वृत्तपत्राने त्याची निर्भर्त्सना केली. म्हणजे १८११ चे वर्ष निवडले असेल तर क्वाड्रिल आणि वॉल्ट्झ दोन्ही वगळावीत. तीन-चार सोपी नृत्ये पुरेत. त्यांचा तीन वेळा सराव व्हावा आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात एकाने पावले मोठ्याने सांगावीत.

दरबारी भागासाठी बाजीरावाच्या काळातील शाहिरांचे भांडार आहे. होनाजी, सगनभाऊ, प्रभाकर हे सर्व त्या काळचे. त्यांच्या बैठकीच्या लावण्या जाणकार गायिकेकडून, ढोलकीच्या साथीने ऐकाव्यात. चित्रपटातील लावणी ध्वनिमुद्रिकेवर लावू नये. कलावंतांना आधी मानधन ठरवून द्यावे आणि पाहुण्यांनी पैसे उधळू नयेत, हे निमंत्रणातच स्पष्ट करावे.

पान

मराठी पंगतीत पुरणपोळी, साखरभात, बासुंदी, जिलेबी, वरणभात, आमटी, कोशिंबिरी. केळीची पाने, भोवती रांगोळी. चहा देऊ नये. आसामातील चहाचे मळे अद्याप लागायचे होते. साबुदाण्याची खिचडीही अलीकडची. इंग्रजी भागात बदाम आणि साय घातलेले 'व्हाइट सूप' आणि 'निगस', म्हणजे गरम पाणी, साखर आणि लिंबू घातलेले पोर्ट. निगस द्यायचे असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना लागतो. द्राक्षांच्या गरम सरबतावरही काम भागते.

शिष्टाचार आणि परवाने

त्या काळच्या रीतीप्रमाणे ओळख करून दिल्याखेरीज पुरुषाने अनोळखी स्त्रीला नृत्यासाठी विचारायचे नाही. हे काम समारंभाचा सूत्रधार करी. एकाच जोडीदाराबरोबर दोनांहून अधिक नृत्ये केली की लोक लग्नाच्या गोष्टी बोलू लागत. आज हा नियम वेगळ्या कारणाने उपयोगी पडतो, कारण त्यामुळे एकटा आलेला पाहुणा कोपऱ्यात बसून राहत नाही.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. पोलिसांची परवानगी आधी घ्यावी. तलवारी आणि बंदुका लाकडी असाव्यात. धारदार हत्यार मिरविल्यास शस्त्र अधिनियम, १९५९ आड येऊ शकतो.

वेळापत्रक साधारण असे : तीन महिने आधी वर्ष, जागा आणि तारीख. दोन महिने आधी निमंत्रणे आणि सोबत पोशाखाची चित्रे. सहा आठवडे आधी शिंपी. महिनाभर आधी नृत्याचा सराव आणि पोलिसांकडे अर्ज. आठवडाभर आधी एकदा पूर्ण पोशाखात रंगीत तालीम.

कोणाचा काळ?

शेवटची बाब पोशाखाइतकीच महत्त्वाची. १८११ च्या बैठकीत कोण बसत होते आणि कोण दाराबाहेर होते, हे सर्वांना ठाऊक आहे. उत्तर पेशवाईतील अस्पृश्यतेचे जाच आणि १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई या गोष्टी अनेक घरांत आजही बोलल्या जातात. कंपनीच्या पलटणींतील शिपाईही बहुतांशी इथलेच होते. म्हणून वाढपी मंडळींना 'मावळे' किंवा 'हुजरे' करून उभे करू नये आणि कोणा पाहुण्याला जात पाहून वेष सुचवू नये. कोणता वेष घ्यायचा हे ज्याचे त्याने ठरवावे.

मलमलीचीही अशीच कथा आहे. लंडनच्या झग्यांना ज्या मलमलीने आणि काश्मिरी शालींनी रूप दिले, ती कला हिंदुस्थानातील विणकरांची होती. १८१३ मध्ये कंपनीची हिंदुस्थानच्या व्यापारातील मक्तेदारी संपली आणि लँकेशायरच्या यंत्रांवरचे कापड इकडे वाढत्या प्रमाणावर येऊ लागले. पुढच्या काही दशकांत उलटा प्रवाह सुरू होऊन इथले माग बंद पडले. झगा शिवायचाच असेल तर हातमागाची मलमल घ्यावी. चार पैसे जास्त पडतील, पण कापड त्या काळाला धरून होईल.

या गोष्टींचे एक पानी टिपण छापून प्रत्येक पाहुण्याच्या हाती दारातच द्यावे. दरबारी रिवाजात अत्तर, गुलाब आणि पानसुपारी झाली की निरोप मिळाला असे समजत. पावणेदहाला तबक फिरवावे, म्हणजे दहाच्या आत वाद्ये थांबतात आणि मुंबई-पुण्याकडे परतणाऱ्यांनाही फार उशीर होत नाही.